भरलेला बोर्ड

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण बराकीत आल्या आल्या तिने आपल्याला शेवटचीच खाट का मिळाली, या गादीवर आधी कोण झोपत होतं आणि खिडकीची कडी बाहेरून निघते का, हे सगळं एका दमात विचारून टाकलं, आणि पोरींनी तिथल्या तिथे तिचं नामकरण केलं. तिला राग आला नाही. हे नाव आधी कोणाला सुचलं आणि का सुचलं, याचा शोध मात्र ती पुढे कितीतरी दिवस घेत होती.

घरचं वळणच तसं, दुसरं काय! तिची आई दुकानातून आणलेली साखर घरच्या काट्यावर पुन्हा तोलणारी. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस भाबडा असून कसं चालेल? कंपनीचा साहेब पुढ्यात उभा राहून "दोर नवाकोरा आहे" म्हणाला तर ते मान हलवायचे, आणि साहेबाची पाठ वळली की तोच दोर हाताने चाचपत बसायचे. सुट्टीच्या दिवशी चौकशी त्यांच्याबरोबर जायची. वरच्या खोलीत मोटर गुरगुरत असायची आणि ही पोर तेलकट फडक्यावर पाने मांडून बसायची. बाबांनी मागे हात केला की न बोलता हवा तो पाना त्यात पडायचा. तिथेच तिला यंत्राचं वेड लागलं. हवाई दलात भरती झाली तीही त्याच वेडापायी. विमान उडवायची हौस तिला मुळीच नव्हती. ज्याच्या जोरावर विमान उडतं ते इंजिन तिला हातात हवं होतं, कारण दुसऱ्या कोणी ते नीट बसवलं असेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

परेड झाली, पळापळ झाली, बूट घासून घासून चामडं झिजलं, आणि अखेर ट्रेड वाटायची वेळ आली. ट्रेड म्हणजे इथून पुढे जन्मभर हात कशाला लावायचा ते. जास्त गुणांच्या पोरींनी आधी निवडलं. खाली खाली येत शेवटी दोनच जागा उरल्या: एक इंजिन फिटरची, एक रेडिओची. पोरीही दोनच उरल्या, आणि त्यांचे गुण तंतोतंत सारखे. एक चौकशी. दुसरी मावशी.

मावशी म्हणजे कोणाची खरी मावशी नव्हे. वयाने चौकशीएवढीच. पण कोणाचं डोकं दुखलं की हिच्या पेटीतून बाम निघायचा, कोणाच्या सदऱ्याचा खांदा उसवला की सुईदोरा निघायचा, आणि कोणी घरच्या आठवणीने रडायला लागलं की ही शेजारी जाऊन बसायची आणि आपणही थोडं रडून घ्यायची. असली माणसं सगळ्यांना आवडतात. चौकशीला मात्र असल्या माणसांची धास्ती वाटायची. राग आला की माणूस दिसतो तरी, गोड बोलणाऱ्याचं काय दिसणार, कपाळ!

ठरलं असं, की दोघींनी काही दिवस हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, आणि काही दिवस रेडिओच्या खोलीत काम करायचं. काय हवं ते हँगरच्या उस्तादांना जिचं तिने जाऊन सांगायचं. "आवड ऐकून घेईन," उस्ताद म्हणाले, "पण ठरवीन हात बघून. पुढच्या शनिवारी जाहीर करतो." चौकशी त्याच दुपारी गुपचूप त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि इंजिन मागून आली. बाहेर कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून मावशी चहा आणून द्यायला लागली.

म्हणजे आधीही ती अधूनमधून द्यायचीच, पण आता रोज. पेला पुढे करायची, खाटेच्या कडेला बसायची आणि हळूच विचारायची, "काय गं, ठरलं का तुझं? इंजिन की रेडिओ?"

"बघू," चौकशी म्हणायची.

"बघू काय? मनात असेल ना काहीतरी."

"तुझ्या मनात काय आहे?"

"माझं काय," मावशी हसायची, "मिळेल ते." आणि पेला धुवायला उठून जायची.

मिळेल ते! असं कधी कोणी खरं बोलतं का? चौकशीने घरी फोन लावला.

"बाबा, ती मला रोज चहा देते."

"का?"

"तेच तर कळत नाही."

"पैसे वगैरे मागते?"

"छे."

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मग जास्तच जपून राहा."

मागून आईचा आवाज आला, "साखर कितपत घालते विचार."

हसू नका. ज्या घरात असा सल्ला मिळतो त्या घरची मुलगी दुसरं काय करणार? चौकशी जपून राहायला लागली. रेडिओच्या खोलीत दोघी कानाला हेडफोन लावून बसायच्या. खरखरीतून येणारे शब्द ओळखायचे, बटण दाबून जसेच्या तसे परत बोलायचे, बटण सोडायचं. चौकशीचा जीव तिथे उबगून जायचा. मावशी मात्र डोळे मिटून ऐकायची आणि एखादा अडलेला शब्द पकडला की मांडीवर थाप मारायची. रेडिओ शिकवणाऱ्या बाई तिच्यावर खूश. चौकशी तिरक्या नजरेने बघत राहायची. एवढं रमून गेल्याचं नाटक कशाला? मला दाखवायला, की हिला रेडिओच हवाय, म्हणजे मी गाफील राहीन. वा, बाई!

मग चौकशीनेही एक डाव टाकला. चहा पिता पिता अगदी सहज म्हणाली, "खरं सांगू? रेडिओही काही वाईट नाही. मी तोच मागीन बहुतेक."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. "हो?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी पेला धुवायलाही विसरली.

चौकशी विचारात पडली. हिला इंजिन हवं असेल तर हिने खूश व्हायला हवं होतं. चेहरा का उतरला? बराच वेळ डोकं खाजवल्यावर तिने स्वतःची समजूत घातली, की मी थाप मारतेय हे हिने ओळखलं, म्हणून उतरला. संशयी माणसाचं हे असंच असतं बघा. समोर सरळ उत्तर पडलेलं असलं तरी त्याला ते फार सरळ वाटतं.

पुढच्याच दिवशी मावशी उस्तादांच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसली. इकडेतिकडे बघत, पदराआड काही लपवल्यासारखी, आणि बिचारीला पदरही नव्हता. चौकशी समोर उभीच.

"आत कशाला गेली होतीस?"

"अगं, उस्तादांचं बटण तुटलं होतं. शिवून दिलं."

चौकशीने नंतर उस्तादांना पुढून बघितलं, मागून बघितलं. अंगात निळा डगला, आणि डगल्याला गळ्यापासून कमरेपर्यंत चेन. एक बटण असेल तर शपथ.

झालं! आता संशयाचा संशय राहिला नाही. ही माझी जागा खाणार, केसाने गळा कापणार, आणि वर चहाही पाजणार. चौकशीला रात्री नीट झोप येईना. घरी परत जाऊन बाबांना काय सांगणार? तुमच्या हातात पाने देत वाढलेली पोर आता दिवसभर खरखर ऐकते, असं? तिला इंजिन हवं होतं आणि त्यापुढे तिला दुसरं काही दिसत नव्हतं.

आता त्या हँगरमधली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. हँगरच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड होता. प्रत्येक हत्याराची त्यावर लाल रंगात आकृती काढलेली, आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. त्या आकृतीला तिथे सावली म्हणत. हत्यार घ्यायचं तर आपला पितळी बिल्ला त्या जागी अडकवायचा. काम संपलं की हत्यार जागेवर आणि बिल्ला आपल्या खिळ्यावर. बोर्डावर एकही सावली उघडी राहिली तर विमान सोडायचं नाही, आणि माणूसही सोडायचा नाही. हत्यार हँगरमध्ये नाही म्हणजे ते विमानात आहे, असंच धरून चालायचं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हत्यार हरवेल. माझ्या हातूनही हरवलंय. घाबरायचं नाही, येऊन सांगायचं, विमान थांबवू, शोधू. पण उघडी सावली झाकायला दुसरीकडचं हत्यार आणून लावलंत, तर या दारातून बाहेर. मग मी तुमचं रडणं ऐकणार नाही."

गुरुवारची गोष्ट. छोटं विमान तपासणीला होतं आणि जेवणाआधीच उडणार होतं. इंजिनावरची झाकणं काढलेली. उस्ताद आत वाकून बघत होते आणि दोघी हाताशी. चौकशीकडे दांड्याचा आरसा होता. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसाच, फक्त मोठा. जिथे डोकं जात नाही तिथे तो घालून मागची बाजू बघायची. ती एका नळीच्या सांध्यामागे बघत होती. तिथे तेल पाझरतंय का, अशी तिला शंका होती, आणि शंका खरी निघाली. "उस्ताद, इथे ओल आहे!" ती ओरडली. उस्ताद आले, बघितलं, म्हणाले, "शाब्बास. दिवा धर." तिने दिवा धरला. सांधा आवळून झाला. झाकणं बसली. चौकशीची मान ताठ झाली. शनिवारचा निकाल आजच लागल्यासारखं तिला वाटत होतं.

हात पुसून ती बोर्डाकडे निघाली आणि वाटेत तिने सवयीने खिसे चाचपले. आरसा नव्हता.

दुसरा खिसा. नाही. कमरेचा पट्टा. नाही. तिने बोर्डाकडे बघितलं, आणि आरसा तिथे टांगलेला होता. तिचा बिल्लाही तिच्या खिळ्यावर. सगळा बोर्ड भरलेला, एक सावली उघडी नाही.

दुसरी कोणी असती तर देवाचे आभार मानून जेवायला गेली असती. पण ही चौकशी. मी लावला नाही, मग हा इथे आला कसा? तिने आरसा काढून हातात घेतला. प्रत्येक हत्यारावर बोर्डाचा आकडा कोरलेला असायचा. हिने दांडा उजेडात फिरवून बघितला. आकडा या बोर्डाचा नव्हता. पलीकडच्या वर्गात शिकवण्यासाठी एक बोर्ड होता, त्याचा होता.

तिने मान वर केली. मावशी बाकाशी उभी राहून फडक्याला हात पुसत होती. नजरानजर झाली तशी ती ओठांवर बोट ठेवून जवळ आली.

"हा तू लावलास?" चौकशीने दबक्या आवाजात विचारलं.

"हळू बोल. तुझी सावली उघडी दिसली मला, तुझा बिल्ला अजून तिथेच. म्हटलं, उस्तादांचं लक्ष जायच्या आत लावावा. तुझा बाकावरच पडला असेल कुठेतरी. जेवून येऊ आणि शोधू, मग हा गुपचूप परत ठेवू."

"का लावलास?"

"का काय? तुझी जागा जाईल ना वेडे!"

"माझी जागा गेली तर तुझं काय जातं?"

मावशीने हातातलं फडकं उगीच उलटंसुलटं केलं. "ते... सांगीन मी तुला नंतर," ती म्हणाली.

नंतर! चौकशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चहा, चौकश्या, बटण, सगळं जागच्या जागी बसलं. आरसा हिनेच लावला, आणि जेवणं झाली की हीच जाऊन उस्तादांना सांगणार, की चौकशीने आरसा हरवला आणि वर्गातला आणून लावला. बिल्ला माझा, हत्यार माझ्या नावावर. कोण विश्वास ठेवणार माझ्यावर? मी अडकले. आता एकच वाट होती. हिच्या आधी आपण पोचायचं.

ती पळत सुटली. हँगरची मोठी दारं उघडली होती, ट्रॅक्टरने विमान बाहेर ओढलं होतं, वैमानिक हातमोजे चढवत पायरीकडे चालला होता. उस्ताद दारात उभे होते.

"उस्ताद! मावशीने बोर्डावर खोटा आरसा लावलाय!"

उस्तादांनी तिच्या हातातला आरसा घेतला, दांडा बघितला, आणि गळ्यातली शिट्टी तोंडात घालून अशी फुंकली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. वैमानिक जागच्या जागी थांबला. ट्रॅक्टर थांबला. मग त्यांनी विचारलं, "खरा कोणाकडे होता?"

तेव्हा कुठे चौकशीला ते सांगावं लागलं. "माझ्याकडे."

विमान आत आलं. जेवण कोणीच घेतलं नाही. बाकाखाली, पेट्यांमागे, सगळीकडे शोधून झालं. मग उस्तादांनी इंजिनाची झाकणं पुन्हा काढायला लावली. चौकशी दिवा धरून उभी होती. दिवा धर म्हणाले तेव्हा हात मोकळा करायला मी आरसा कुठे ठेवला? तिला आठवायच्या आतच उस्तादांचा हात खांद्यापर्यंत आत गेला आणि हळूहळू बाहेर आला. आरसा. इंजिनाचा वेग कमीजास्त करणारी सळई जिथे मागेपुढे सरकते, तिच्या खाली तो आडवा जाऊन पडला होता. वर गेल्यावर सळई अडकली असती तर इंजिनाचा वेग कोणाच्याच हातात राहिला नसता. वैमानिकाने आरशाकडे एकदा बघितलं आणि तो जाऊन बाकावर बसला.

उस्तादांनी आधी मावशीला केबिनमध्ये बोलावलं. ती पाचच मिनिटांत बाहेर आली आणि कोणाकडेही न बघता बराकीकडे गेली. मग चौकशीला बोलावलं.

"बस," उस्ताद म्हणाले. चौकशी उभीच राहिली. "आरसा आत विसरलीस, ती चूक. पण भरलेला बोर्ड बघूनही तुला संशय आला, आकडा बघितलास, आणि स्वतःची जागा जाईल हे माहीत असून सांगायला धावलीस. विमानापुढे मैत्रीही बघितली नाहीस. आपल्या धंद्यात हेच लागतं. इंजिनाची जागा तुझी. शनिवारपर्यंत थांबायचं कारण नाही."

चौकशीला आनंद व्हायला हवा होता. झालाही, एक क्षणभर. मग तिने विचारलं, "आणि मावशी?"

"भांडारात. बूट-ब्लँकेटं मोजायला. सावली झाकणाऱ्याच्या हातात मी पाना देत नाही आणि रेडिओच्या बाई वायर देत नाहीत. नियम आहे." उस्तादांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वाईट वाटतं. तिने इंजिन मागितलंच नव्हतं कधी. गेल्या आठवड्यात येऊन हात जोडून सांगून गेली, काहीही करा पण मला रेडिओच द्या. तुला इंजिन, तिला रेडिओ, दोघींचं ठरलेलंच होतं. फक्त जाहीर करायचं बाकी होतं."

चौकशी केबिनमधून बाहेर कशी आली ते तिचं तिला कळलं नाही. बराकीपर्यंतचा रस्ता रोजचाच, पण आज संपता संपेना.

भांडारातल्या पोरींची बराक वेगळी, म्हणून मावशी खाटेवर बॅग उघडी टाकून कपडे भरत होती. बाकी पोरी कामावर. उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडलेला.

"तू रेडिओ मागितला होतास?" चौकशी दारातूनच म्हणाली.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस?" मावशीने वर बघितलं. डोळे सुजले होते. "रोज विचारत होते. रोज आपलं बघू, बघू. आणि मग म्हणालीस, मी रेडिओच मागीन. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हटलं, संपलं. ही बोलण्यात हुशार, हिला देतील आणि इंजिन माझ्या गळ्यात बांधतील. म्हणून तशीच गेले उस्तादांकडे."

"मी मुद्दाम म्हटलं होतं ते. तुला चकवायला."

"हं," मावशी म्हणाली. "चकले की."

"आणि आरसा?"

"आता तेही सांगायला हवं का? तुझी जागा गेली असती तर इंजिन कोणाला दिलं असतं? मलाच ना! मला त्या इंजिनाची भीती वाटते गं. सुरू झालं की पळून जावंसं वाटतं. तुझी जागा टिकली तर माझी टिकणार होती. म्हणून लावला. उगीच मला देवमाणूस समजू नकोस, तुझ्यासाठी नाही केलं मी ते. माझ्यासाठी केलं."

एका वाक्याचं काम होतं हो! मला इंजिन हवंय. मला रेडिओ हवाय. चहा निवायच्या आत झालं असतं. पण एकीने तोंडाला कुलूप लावलं आणि दुसरीने चहाने ते उघडायचा प्रयत्न केला. आणि दोन्ही जागा दोघींची वाट बघत होत्या, तरी आता एकच भरली होती.

चौकशी खाटेच्या टोकाला बसली. "मला माफ कर" म्हणावं असं तिला वाटत होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

"आरसा विमानात असेल हे तुझ्या मनातच आलं नाही?" तिने कसंबसं विचारलं.

"नाही आलं. देवाशपथ, बाकावरच असेल वाटलं." मावशीने एक सदरा घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. "उस्तादांनी त्या सळईखालून काढला ना, तेव्हापासून तेच डोळ्यांपुढे येतंय माझ्या. तो बिचारा चढणारच होता. बरं झालं तू सांगितलंस. मनापासून म्हणते." सदरा बॅगेत टाकत ती म्हणाली, "एक विचारू? धावत सुटलीस तेव्हा विमान होतं तुझ्या डोक्यात?"

चौकशीला हो म्हणता आलं असतं. उस्ताद तेच धरून चालले होते. उद्या सगळे तेच म्हणणार होते.

"नव्हतं," ती म्हणाली. "तू होतीस. तू मला अडकवतेस असं वाटलं. म्हणून म्हटलं, आधी मीच तुला अडकवते. विमानाचं मला ध्यानातही नव्हतं."

मावशीने बॅगेची चेन ओढली. अर्ध्यावर अडकली, तशी तिने कपडा आत ढकलून ती पुन्हा ओढली.

"वाटलंच मला," ती म्हणाली. मग बॅग खांद्याला लावून दारापर्यंत गेली आणि वळली. "हे उस्तादांना सांगू नकोस हं. विमानासाठी सांगितलंस असं वाटतंय त्यांना. वाटू दे. नाहीतर तुझीही जागा जाईल."

चौकशीने तिच्याकडे बघितलं. सवयीने, अगदी सवयीने, तिने शोधायला सुरुवात केली: यात हिचा काय फायदा? माझी जागा राहिली तर हिला आता काय मिळणार? रेडिओ गेला. सगळंच गेलं. हिच्या वाट्याला ब्लँकेटं. तिने उलटसुलट करून बघितलं, चारही बाजूंनी चाचपून बघितलं, पण तिला काही म्हणता काही सापडलं नाही.

मावशी पायऱ्या उतरून गेली. चौकशीने हाक मारायला तोंड उघडलं, आणि मग तिथेच त्या रिकाम्या खाटेवर बसून ती हमसून हमसून रडायला लागली.